फ्लॅनरी ओ'कॉनरची वही आणि समाधानाचा प्रश्न

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला माझा रूममेट वसईचा होता, कॅथलिक. शनिवारी रात्री आम्ही सगळेच दोन-अडीचपर्यंत जागायचो. कधी असाइनमेंट, बहुतेक वेळा गेम. पण रविवारी सकाळी सातच्या मिस्साला हा पठ्ठ्या हजर. मी तेव्हा बर्ट्रंड रसेल नुकताच वाचायला घेतला होता आणि वीस वर्षांच्या मुलाला रसेल वाचून जे होतं ते मला झालं होतं. एका रविवारी तो परत आल्यावर मी अंथरुणातूनच विचारलं, "तू नक्की कशासाठी जातोस रे?" तो बूट काढत म्हणाला, "जाऊन आलं की समाधान वाटतं." मी म्हणालो, "समाधान तर मिसळ खाऊनपण वाटतं." रूममधले बाकीचे हसले. तोही हसला. तो वाद आपण जिंकलो, असं मला पुढची सहा-सात वर्षं वाटत होतं.

गेल्या पावसाळ्यात ऑफिसच्या बसमध्ये, फोनवर, एक छोटं पुस्तक वाचलं आणि तो वाद पुन्हा उघडला. पुस्तकाचं नाव 'अ प्रेयर जर्नल'. लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर. खरं तर हे पुस्तक म्हणून लिहिलेलंच नाही. जानेवारी 1946 ते सप्टेंबर 1947 या काळात आयोवा विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीनं शाळकरी वहीत देवाला लिहिलेल्या या नोंदी आहेत. ती गेल्यावर जवळपास पन्नास वर्षांनी, 2013 मध्ये, त्या छापल्या गेल्या. पुस्तकात मूळ वहीच्या हस्ताक्षरातल्या पानांच्या प्रतिमाही आहेत. सगळं मिळून एका बस-प्रवासात संपेल एवढं. मला मात्र चार दिवस लागले.

ओ'कॉनरचं नाव ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म 1925, सव्हाना, जॉर्जिया. अमेरिकेच्या दक्षिणेत, कट्टर प्रोटेस्टंट मुलखात, कॅथलिक घरातली एकुलती एक मुलगी. ती पंधरा वर्षांची असताना वडील ल्युपस या आजारानं गेले. मिलेजव्हिलच्या महिला महाविद्यालयातून पदवी घेऊन ती पत्रकारिता शिकायला आयोवाला गेली आणि तिथल्या लेखन कार्यशाळेचे प्रमुख पॉल एंगल यांच्या दारात जाऊन उभी राहिली. तिचे जॉर्जियाचे उच्चार एंगलना कळेनात. शेवटी त्यांनी तिला म्हणणं कागदावर लिहून द्यायला सांगितलं. तिनं लिहून दिलं की मी पत्रकार नाही, मला लेखकांच्या वर्गात घ्याल का? त्यांनी घेतलं. पुढे पंचविशीतच तिलाही वडिलांचाच आजार झाला. उरलेलं आयुष्य आईबरोबर मिलेजव्हिलजवळच्या शेतावर, मोर पाळत आणि कथा लिहीत गेलं. 3 ऑगस्ट 1964 ला, वयाच्या 39व्या वर्षी, ती गेली. दोन कादंबऱ्या आणि तिसाहून थोड्या जास्त कथा. एवढ्यावर ती विसाव्या शतकातल्या मोठ्या कथाकारांत गणली जाते.

आता वही.

पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे ही प्रार्थना आपल्या ओळखीची आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण सगळ्यांनी केलेली. मला चांगली लेखिका कर, माझी एखादी कथा कुठेतरी घेतली जाऊ दे, असं ती सरळ मागते. (तिची पहिली कथा त्याच वर्षी, 1946 मध्ये, 'ॲक्सेंट' नावाच्या नियतकालिकात आली.) आपण सामान्य निघू की काय, ही भीती पानोपानी आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर प्लेसमेंटच्या सीझनमधली वही. पण मागता मागता ती मधेच थबकते आणि स्वतःलाच पकडते. चंद्राची कोर दिसते, पूर्ण चंद्र दिसत नाही, कारण आड पृथ्वीची सावली येते. देव आणि आपण यांचंही असंच आहे आणि ती आड येणारी सावली आपलीच आहे, अशी एक प्रतिमा वहीच्या सुरुवातीलाच येते. वीस वर्षांच्या मुलीला हे सुचावं याचं कौतुक वाटतंच. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. एवढी सुंदर प्रतिमा लिहून झाल्यावर तिला स्वतःच्या चतुराईचाही संशय येऊ लागतो. आपण प्रार्थना करतोय की चांगलं वाक्य लिहितोय?

दुसरी गोष्ट कॉलेजची. आयोवात तिच्या आजूबाजूला हुशार लोक होते आणि 1946 सालच्या हुशार लोकांकडे फ्रॉइड होता. धर्म म्हणजे माणसाच्या दुबळेपणानं स्वतःसाठी शोधलेला आधार, हे तेव्हा वर्गात आणि कॉफीच्या टेबलावर गृहीतच धरलेलं असायचं. ओ'कॉनर या आक्षेपापासून पळत नाही. ती तो देवापुढेच ठेवते. माझी श्रद्धा मी माझ्या गरजेपोटी बनवलेली नसू दे, अशी ती प्रार्थना करते. इथे मी फोन बाजूला ठेवला. कारण रूममेटला मी जे मिसळीच्या विनोदात विचारलं होतं, तेच ही मुलगी स्वतःला विचारत होती. तेही माझ्यापेक्षा जास्त गांभीर्यानं आणि माझ्या सत्तर वर्षं आधी. माझा आक्षेप तिच्या वहीत आधीपासूनच होता. फक्त तो तिथे प्रार्थना म्हणून आला होता.

तिसरी गोष्ट, आणि या लेखाचं कारण. या वहीत समाधान कुठेच नाही. ती देवाकडे शांती मागत नाही, देवाबद्दलची ओढ मागते. नरकाच्या भीतीनं चांगलं वागणं तिला पुरेसं वाटत नाही. आत असण्याची इच्छा व्हावी असं तिला वाटतं, आणि तशी इच्छा आपल्यात नाही हे ती कबूल करते. वहीची शेवटची नोंद तर जवळजवळ विनोदी आहे. त्या दिवशी तिनं ओटच्या कुकीज हावरटासारख्या खाल्ल्या, मनात वासनेचे विचार आले आणि आता स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नाही, अशा अर्थाचं लिहून ती थांबते. वही संपते. साक्षात्कार नाही, अश्रू नाहीत, 'आणि मग मला शांत वाटलं' असंही काही नाही.

पुढे कधीतरी तिनं एका पत्रात आयोवातल्या चर्चची आठवण सांगितली आहे. सेंट मेरीज कोपऱ्यावरच होतं, ती जवळजवळ रोज सकाळी जायची, तीन वर्षं गेली आणि तिथल्या एकाही माणसाशी तिची ओळख झाली नाही. मला ते वाचून एकटेपणा दिसला. तिला त्यात तक्रार करण्यासारखं काही वाटलेलं दिसत नाही.

* * *

मराठीत 'समाधान' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, मन निवणं. दुसरा, शंकेचं उत्तर मिळणं, शंकासमाधान. आपण हे दोन्ही एकाच शब्दात इतके मिसळून टाकलेत की एक मिळालं की दुसरं मिळालंच असं धरून चालतो. रसेल वाचणाऱ्या मला वाटायचं, शंकांची उत्तरं मिळाली की मन निवेल. रूममेटबद्दल मला वाटायचं, याचं मन निवलंय म्हणून याला शंका येत नाहीत. ओ'कॉनर वाचताना लक्षात आलं की हे दोन्ही अर्थ सुटे करता येतात. दोन्हींपैकी एकही हाती नसताना एखादं माणूस श्रद्धेत राहू शकतं.

याचा पुरावा तिच्या एका पत्रात आहे. 1962 सालच्या वसंतात ती अटलांटाच्या एमरी विद्यापीठात बोलायला गेली होती. ऐकणाऱ्यांत पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता, अल्फ्रेड कॉर्न. पुढे तो नावाजलेला कवी झाला. तेव्हा तो बुजरा होता, समोर जाऊन बोलला नाही. नंतर त्यानं तिला पत्र लिहिलं की कॉलेजात आल्यापासून माझी श्रद्धा गेल्यासारखी वाटते. मे अखेरीस तिनं दिलेलं उत्तर 'द हॅबिट ऑफ बीइंग' या तिच्या पत्रसंग्रहात आहे (1979, संपादन सॅली फिट्झजेराल्ड). माझ्या मते कॉलेजात जाणाऱ्या कुठल्याही मुलामुलीनं, आस्तिक असो वा नास्तिक, ते वाचावं.

त्यात ती त्याला 'घाबरू नकोस, सगळं ठीक होईल' असं म्हणत नाही. उलट, श्रद्धा गेल्यासारखं वाटणं हा श्रद्धेचाच भाग आहे, निदान तो असू शकतो, असं सांगते. मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला मदत कर. सगळ्या शुभवर्तमानांत तिला हीच प्रार्थना सगळ्यात माणसाची वाटते. मग ती कॉलेजबद्दल एक फार नेमकी गोष्ट सांगते. तिथे बुद्धी झपाट्यानं वाढते आणि त्याच वेळी कल्पनाशक्ती आकसते. नव्या नव्या विचारांच्या माऱ्यात माणूस गांगरतो आणि आपल्याला आत्ता जे समजत नाही ते नाहीच, असं ठरवून मोकळा होतो. श्रद्धेविरुद्ध एक पुस्तक वाचलंस तर दुसऱ्या बाजूचंही एक वाच, असं ती सुचवते. गिल्सन, न्यूमन, तेयार द शार्दां अशी नावंही देते. कॉलेजात मला संशयवादी ठेवलं ते माझ्या श्रद्धेनंच, असंही ती सांगते. प्रत्येक नवा सिद्धांत समोर आला की श्रद्धा म्हणायची, थांब, लगेच गळाला लागू नकोस, अजून वाच.

आणि हॉपकिन्सचा किस्सा. रॉबर्ट ब्रिजेसनं हॉपकिन्सला विचारलं होतं की विश्वास ठेवायचा तरी कसा? हॉपकिन्सचं उत्तर होतं, दानधर्म कर. तत्त्वज्ञानाच्या एवढ्या मोठ्या यादीच्या जोडीला हे उत्तर! शंकेचं समाधान पुस्तकात शोध, पण ते मिळेपर्यंत हात रिकामे ठेवू नकोस.

माझं या पत्राशी एक भांडणही आहे. श्रद्धेनं मला संशयवादी ठेवलं, हे वाक्य ऐकायला झकास आहे. पण हा संशय एकाच दिशेनं चालतो. नवीन विचारांचा कोड रिव्ह्यू कडक आणि चर्चचा कोड थेट मर्ज, असं काहीसं. स्वतःच्या सिद्धांतालाही 'थांब, अजून वाच' म्हणणं जमलं का? पत्रात याचं उत्तर नाही. कथांत आहे, असं मला वाटतं.

* * *

दोन कथा. दोन्हींत शिकलेली मुलगी आहे, दोन्हींत आपल्यावर खूश असलेली एक आई किंवा बाई आहे.

'गुड कंट्री पीपल' (1955). नायिकेचं आईनं ठेवलेलं नाव जॉय, म्हणजे आनंद. लहानपणी अपघातात तिचा पाय गेला, लाकडी पाय लावलेला. तिनं तत्त्वज्ञानात पीएचडी केली आणि जाणूनबुजून सगळ्यात कुरूप वाटणारं नाव घेतलं, हल्गा. ती 32 वर्षांची आहे, नास्तिक आहे, आणि आपल्याला भ्रम उरलेले नाहीत याचा तिला गर्व आहे. हा गर्व हेच तिचं समाधान. दारावर बायबल विकायला एक भोळा वाटणारा खेडवळ पोरगा येतो. याला नादी लावावं आणि मग याचे भ्रम दूर करावेत, असा तिचा बेत. दोघं गोठ्याच्या माळ्यावर जातात. तिथे तो बायबल उघडतो तर ते आतून पोकळ असतं. आत दारूची बाटली, पत्ते आणि निरोध. तो तिचा लाकडी पाय घेऊन पसार होतो. जाताना सुनावून जातो की तू काही फार हुशार नाहीस, मी जन्मापासूनच कशावर विश्वास ठेवत नाही. हल्गानं शून्यावर प्रबंध वाचले होते. हा शून्यात राहत होता. वर माळ्यावर एका पायानिशी अडकलेली हल्गा म्हणजे रसेल वाचून अंथरुणात लोळणारा मीच, हे लक्षात यायला मला दुसऱ्यांदा वाचावं लागलं.

एवढ्यावर ती थांबली असती तर म्हणता आलं असतं, श्रद्धाळू लेखिकेनं नास्तिकाची जिरवली, त्यात काय. पण मरणाच्या वर्षी, 1964 मध्ये, तिची 'रेव्हलेशन' प्रसिद्ध झाली.

इथे समाधानी माणूस आहे मिसेस टर्पिन. चर्चला जाणारी, नेटका संसार असलेली, मदतीला धावणारी. डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये बसून ती समोरच्यांची वर्गवारी करते. झोप येत नसली की रात्रीही ती हेच करते. खाली काळे लोक आणि त्यांच्या बरोबरीनं, फक्त जरा बाजूला, गरीब गोरे. वर घरवाले, त्याहून वर घर-जमीनवाले, ज्यात ती आणि तिचा नवरा. मग मधेच अडचण येते, कारण एखाद्या काळ्या माणसाकडेही जमीन असते आणि उतरंड कोसळते. मराठी वाचकाला ही उतरंड समजायला तळटीप लागत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती झोपताना नाही, लग्न ठरवताना मोजली जाते.

आणि ही बाई येशूचे आभार मानते. मनापासून. मला काळी केली नाहीस, कंगाल केली नाहीस, जशी आहे तशी केलीस म्हणून. तिचं समाधान खोटं नाही, म्हणूनच ते भयंकर आहे. समोर कॉलेजात शिकणारी मेरी ग्रेस बसलेली. चेहरा मुरुमांनी भरलेला, हातात 'ह्यूमन डेव्हलपमेंट' नावाचं जाडजूड पुस्तक. मिसेस टर्पिन मोठ्यानं आभार मानू लागते आणि ते पुस्तक सणसणत येऊन तिच्या डोळ्यावर आदळतं. मुलगी अंगावर धावून जाते, गळा धरते आणि तिला नरकातलं डुक्कर म्हणते. मुलीला इंजेक्शन देऊन दवाखान्यात नेतात. मिसेस टर्पिन घरी येते, पण ते शब्द तिला सोडत नाहीत.

संध्याकाळी डुकरांचा गोठा धुताना ती देवावरच ओरडते, तू स्वतःला समजतोस तरी कोण? उत्तर येत नाही. तिचाच आवाज परत येतो. मग आकाशात तिला दिसतं की माणसांची मिरवणूक स्वर्गाकडे निघाली आहे. सगळ्यात पुढे गरीब गोरे, काळे, वेडे, अपंग, उड्या मारत, ओरडत. सगळ्यात मागे तिच्यासारखे लोक, शिस्तीत, सुरात गाणारे. आणि त्यांचे चेहरे हबकलेले आहेत, कारण त्यांचे सद्गुणसुद्धा जळून चाललेत.

विद्यार्थिनीनं फेकलेलं पुस्तक इथे देवाचं साधन होतं. म्हणजे ओ'कॉनरनं तत्त्वज्ञानाच्या समाधानाला फसवणाऱ्या पोराकडून उडवलं, तर श्रद्धेच्या समाधानाला कॉलेजच्या पुस्तकानं. माझ्या भांडणाचं उत्तर मला इथे मिळालं. स्वतःच्या बाजूचा रिव्ह्यू तिनं केला होता, आणि तो जास्त कडक होता. हल्गाचा फक्त पाय गेला, मिसेस टर्पिनचा चांगुलपणा गेला.

* * *

इथे लेख संपवला असता तर मलाही समाधान वाटलं असतं. पण एक गोष्ट राहते.

ही कथा लिहिणारी बाई खासगी पत्रांत काळ्या लोकांबद्दल काय लिहायची, यावर 2020 मध्ये अमेरिकेत मोठी चर्चा झाली. पॉल एली यांचा 'न्यूयॉर्कर'मधला लेख आला आणि काही आठवड्यांत मेरीलँडच्या लोयोला विद्यापीठानं एका वसतिगृहाला दिलेलं तिचं नाव काढून सिस्टर थिआ बोमन या काळ्या कॅथलिक जोगिणीचं नाव दिलं. पत्रांतला मजकूर छापील आहे, टाळता येत नाही. 1959 मध्ये मॅरियट ली या मैत्रिणीनं जेम्स बॉल्डविनशी भेट सुचवली. ओ'कॉनरनं कळवलं की न्यूयॉर्कमध्ये चाललं असतं, जॉर्जियात नाही, मी ज्या समाजावर पोसते त्याच्या रिवाजाला धरून राहते. 'रेव्हलेशन' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी तिनं लिहिलं की तत्त्वानं मी वंशभेद मिटवण्याच्या बाजूची, आवडीनं मात्र वेगळं राहण्याच्या बाजूची.

याचं काय करायचं? काही लोक म्हणतात, काळ तसा होता. पण बॉल्डविनही त्याच काळात होता. काही म्हणतात, कथा वाचा, पत्रं सोडा. मला ते जमत नाही, कारण कॉर्नला लिहिलेलं पत्र मला आवडतं आणि तेही पत्रच आहे. मला वाटतं, जी मुलगी वहीत देवाला म्हणत होती की माझी सावली आड येते, तिला सावलीचा एक भाग शेवटपर्यंत दिसला, पण ओलांडता आला नाही. मिसेस टर्पिन तिनं बाहेरून रंगवलेली नाही. गोठ्यापाशी देवावर ओरडणारी ही बाई तिला आवडायची, हे तिनं मॅरियट लीलाच कळवलं होतं. मिरवणुकीच्या शेवटी जळणाऱ्या चेहऱ्यांत लेखिकेचाही चेहरा आहे असं धरून ती कथा वाचली तर ती जास्त खरी वाटते. यानं पत्रं धुतली जात नाहीत. कागदावर असमाधानी राहणं आणि बॉल्डविनसाठी दार उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हॉपकिन्सचा सल्ला दुसऱ्या गोष्टीबद्दल होता. तो तिनं कॉर्नला दिला. जॉर्जियात, आपल्या घरी, तो तिला पुरता पाळता आला नाही.

वही वाचून झाल्यावर मी रूममेटला फोन केला. तो आता बंगळुरूत असतो. मिसळीचा विनोद त्याला आठवत होता, जरा जास्तच नीट. मी विचारलं, अजून जातोस का रविवारी? म्हणाला, "जातो. बाबा गेल्यापासून समाधान वगैरे काही वाटत नाही. नुसता बसून येतो." मी विचारलं, मग का जातोस? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तू काय, परत वाद घालणार आहेस का?"

मी नाही म्हणालो. मग बराच वेळ आम्ही त्याच्या बाबांबद्दल बोलत राहिलो.